मला खाली निजू द्या

मी माझ्या सख्ख्या भावाचं कपाळ फोडलं, ते मी रक्त तपासायला गेले होते म्हणून. स्पिरिटची बाटली जाड काचेची होती, हाताला लागली, मारली. रक्त द्यायला मी गेले होते आणि दिलं त्यानं, भुवईपासून शर्टाच्या बटणापर्यंत. माझ्या हातातून एक थेंब निघाला नाही.

सुई बघितली की ज्यांचे डोळे फिरतात त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या घरच्यांसाठी. ‘घाबरू नका, काही होत नाही’ असं सांगणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार. होतं, पुष्कळ होतं. माझा एक दात गेला, घरातला टीव्ही गेला आणि शेवटी जीव जायच्या बेतात होता. आता बरी आहे, म्हणून शिव्या देत देत लिहू शकते.

आम्ही तंजावूरचे. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. घरात मराठी, ओटा उतरला की तमिळ. मराठी अक्षरं मला अप्पांनी, माझ्या वडिलांनी, शिकवली. अण्णाला, म्हणजे त्या भावाला, बोलता येतं पण वाचता येत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल मी इथे काय लिहिते आहे ते त्याला कळायचं नाही, आणि तेच बरं आहे. अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आई, अण्णा आणि मी. मी छत्तिशीची, बिनलग्नाची. स्थळं आली होती, पण माझं तोंड ऐकून गेली.

पुढच्या खोलीतला बूथ

अण्णानं पुढच्या खोलीत मला एसटीडीचा बूथ काढून दिला होता. तेव्हा गल्लीगल्लीत बूथ निघत होते. काचेची पेटी, आत फोन, बाहेर मीटरवर पळणारे लाल आकडे आणि स्टुलावर मी. दुबईला नवऱ्याशी बोलताना बायका रडायच्या आणि मी काचेवर टकटक करून सांगायचे, रडायचं ते घरी जाऊन रडा, आकडे पळताहेत. गिऱ्हाइकं मला भिऊन होती.

त्या स्टुलावरच आजार समोर आला. पाळी गेलं वर्षभर जास्तच जात होती. मी कोणाला बोलले नव्हते, जुनी लुगडी फाडून निभावत होते. एके दिवशी सकाळी बूथमध्ये एक म्हातारे गृहस्थ फोन करून बाहेर आले, माझ्या पायांकडे बघितलं आणि सुट्टे न घेताच निघून गेले. मी खाली बघितलं तर स्टुलाच्या पायावरून रक्त उतरून फरशीवर साचलं होतं. पुसायला वाकले, तर मुठीएवढी गाठ बाहेर पडली. मी भिंत धरून आईला हाक मारली. आईनं फडकं आणलं, फरशी पुसली आणि मग मला एक थोबाडीत दिली. इतके दिवस का बोलली नाहीस म्हणून. आमच्या घरात माया अशीच असते, आधी हात येतो.

डॉक्टरबाईंनी पोट दाबून बघितलं आणि नव्या स्कॅन सेंटरला पाठवलं. तिथल्या एसीत माझे दात वाजत होते. गर्भपिशवीत गाठ होती, नारळाएवढी. पिशवीच काढायची, डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि लवकर काढायची. पण आधी रक्त तपासून पाहिजे. अंगात किती रक्त उरलंय, कोणत्या गटाचं आहे, किती बाटल्या जमवायच्या, हे कळल्याशिवाय मी सुरी उचलणार नाही. आणि उशीर केलास तर पुढच्या पाळीत पडशील ती उठणार नाहीस. हे त्यांनी आईसमोर सांगितलं. आईनं पदर तोंडाला लावला. मला मात्र ऑपरेशनची भीती नव्हती, सुरी मला बघावी लागणार नव्हती. मला त्या एवढ्याशा सुईची भीती होती.

लहानपणापासून ते होतं. शाळेत देवीची लस टोचायला आले तेव्हा मी रांगेतच कोसळले होते. तेव्हा सगळे हसले. आता हसायचं राहिलं नव्हतं, कारण दर महिन्याला बादलीभर रक्त सांडणाऱ्या बाईला सुईभर रक्त देता येत नव्हतं.

उपास

लॅबवाल्यानं अण्णाला सांगितलं होतं, साखरही बघायची आहे, रिकाम्या पोटी आणा. एवढंच. पण रिकामं पोट हे आमच्या आईच्या कानावर पडलं की त्याची एकादशी होते, आणि आईची एकादशी म्हणजे पाण्याचा थेंब नाही. आदल्या दिवशी दुपारनंतर तिनं मला काही खाऊ दिलं नाही. सकाळी तहानेनं जीभ टाळूला चिकटली तेव्हा मी पाण्याचा कूजा उचलला, तर तिनं हातातून काढून घेतला. म्हणाली, रक्तात पाणी दिसलं तर काय सांगायचं त्यांना.

तर अशी मी. अंगात रक्त नाही, पोटात अन्न नाही, घशात पाणी नाही. लॅबमध्ये लाकडी खुर्चीत बसवलं. दंडाला रबरी नळी आवळली. डेटॉलचा वास आला. मी तोंड फिरवलं होतं, पण टोचल्यावर कळतंच. आधी कानात पाण्याचा लोंढा भरल्यासारखं होतं, मग ओठ गार पडतात, पाठीवरून घाम निथळतो, समोरचा माणूस लांब लांब जातो आणि कडेनं काळं पडत येतं. ‘आता मी जाते’ एवढं म्हणायला वेळ मिळतो, तोही सगळ्यांना मिळत नाही.

पुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलेलं. मी खुर्चीतून घसरायला लागले. आई ओरडली, ‘धर तिला, खाली पडू देऊ नको!’ अण्णानं काखेत हात घालून मला उचलून सरळ बसवलं. मान लटकली, तर केस धरून मान वर केली. मग गालावर थपडा, या गालावर, त्या गालावर. आणि मी शुद्धीवर यायच्या ऐवजी माझे हातपाय आखडले, झटके द्यायला लागले, डोळे पांढरे झाले, लघवी झाली. आईनं कमरेच्या किल्ल्या काढून माझ्या मुठीत कोंबल्या. अण्णा आणखी जोरात मारायला लागला.

मला आठवतं ते एवढंच की मी अंधारातून वर आले तर कोणी तरी माझे केस ओढून मला मारत होतं. कोण, कुठे, काहीच कळेना. हाताला बाटली लागली.

इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाही तर तुम्ही माझ्या आईला वेडी म्हणाल. आमच्या घरी माणसाला जमिनीवर उताणं एकदाच निजवतात. श्वास जायला लागला की खाटेवरून उचलायचं, जमीन सारवायची, दर्भ पसरायचा आणि खाली ठेवायचं. ‘ठेवलं’ म्हटलं की आम्हाला कळतं. म्हणून जित्या माणसानं उघड्या फरशीवर पाय लांब करून उताणं पडायचं नाही. वैशाखात अंगाची लाही होत असताना मी थंड फरशीवर पडले तर आई पायानं ढोसून उठवायची. चटई घे, कुशीवर हो. घेरी आली तर माणसाला उचलून बसवायचं, भिंतीला टेकवायचं, हातात लोखंड द्यायचं. आमच्या गल्लीत सगळ्या मराठी घरांत असंच करत.

दात

लॅबवाल्यानं डॉक्टरबाईंना कळवलं, बाईला फिट्स येतात. त्यांनी स्वतः काही बघितलं नव्हतं, ऐकूनच ठरवलं. झटके आले, लघवी झाली, डोळे फिरले, म्हणजे फिट्सच. मेंदूचं काही असेल तर भूल देणार कशी, आधी मद्रासला जाऊन डोकं दाखवून या. तोवर गोळ्या. त्या गोळ्यांनी माझी जीभ जड झाली. मी, जिच्या जिभेला गिऱ्हाइकं भीत होती, ती एक वाक्य बोलायला तीनदा अडखळायची. मला त्या गोळ्यांचा असा राग यायचा की गिळताना आईच्या हाताला चावावंसं वाटायचं.

आणि रक्त जातच होतं.

मद्रासला न्यायच्या आधी अण्णानं दुसरी लॅब गाठली. या वेळी त्यानं दोन मित्र बरोबर आणले, मला धरायला. एकानं पाय धरले, एकानं हात, अण्णा मागून. उपास होताच. माझ्या हाताला शीरच मिळेना. लॅबवाला खुपसून आत फिरवत होता, सुई आत असतानाच मी गेले आणि आखडले, सुई वाकली, कोपरापासून मनगटापर्यंत हात पुढे कित्येक दिवस काळानिळा होता. फिट आलेल्याची दातखीळ बसते, जीभ तुटते, असं कोणी तरी अण्णाला सांगितलं होतं. त्यानं कोठीची लांब लोखंडी किल्ली माझ्या दातांत घालून पिळली. समोरचा दात मुळापासून मोडला. आणि अण्णाचं बोट आत होतं, ते मी हाडापर्यंत चावले. त्याला सोडवायला मित्रानं माझा जबडा दोन्ही हातांनी उघडला.

शुद्धीवर आले तेव्हा तोंडात रक्त होतं. अण्णा बोट धरून कोपऱ्यात वाकला होता, आई किल्ल्या घेऊन देवाचं नाव घेत होती आणि लॅबवाला आम्हाला सगळ्यांना बाहेर व्हा म्हणत होता. रिकामी नळी टेबलावर तशीच उभी होती. त्याच्यानंतर तंजावुरात कोणी मला लॅबच्या पायरीवर उभं करेना.

पुढच्या पाळीत मी परसात विहिरीजवळ पडले. आईनं मला ओढत आत आणलं. मागे रक्ताचा पट्टा उमटला होता तो शेजारणीनं पाणी ओतून धुतला. दोन दिवसांनी जेवताना अण्णा शांतपणे म्हणाला, आता एकच उपाय, दोरीनं खुर्चीला बांधायचं. त्याला वाटलं मी ऐकत नाहीये. समोर पाण्यानं भरलेला पितळी कूजा होता. मी तो उचलून फेकला. त्याच्या डोक्यासाठी फेकला होता, खोटं कशाला सांगू. तो वाकला, आणि कूजा त्यानं नुकत्याच घेतलेल्या रंगीत टीव्हीत गेला. असा स्फोट झाला की गल्लीतली माणसं ओट्यावर आली. अण्णा उठून आला आणि त्यानं माझा गळा धरला. आई मध्ये पडली नसती तर काय झालं असतं सांगता येत नाही. तो रडत होता. माझा गळा धरून तो रडत होता आणि म्हणत होता, ‘मर मग, मर.’

पापनाशम

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणाला न सांगता कुंभकोणमची बस धरली आणि पापनाशमला उतरले. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं आणि स्टँडजवळ एक लॅब आहे हे एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. आधी हॉटेलात शिरले आणि हट्टानं खाल्लं. इडली, वडा, कॉफी, वर दोन लोटे पाणी. आईच्या एकादशीच्या नाकावर टिच्चून. साखर जाऊ दे खड्ड्यात, रक्त किती आहे ते तर कळेल.

लॅब खताच्या दुकानावर, माडीवर. एकटाच माणूस होता. मी त्याला काही सांगितलं नाही, सांगितलं असतं तर हाकललं असतं. बिनपाठीच्या स्टुलावर बसवून त्यानं नळी आवळली आणि टोचलं. कानात लोंढा आला. मी जाते म्हणाले ते मराठीत म्हणाले, त्याला काय कळणार.

डोळे उघडले तेव्हा वर पंखा फिरत होता. पाठीखाली गार फरशी होती. कोणी मारत नव्हतं, केस ओढत नव्हतं, तोंडात लोखंड नव्हतं. खोलीत कोणी नव्हतंच. तो माणूस घाबरून जिना उतरून लोकांना बोलवायला पळाला होता, त्याचं ओरडणं मला खालून ऐकू येत होतं. मी तशीच पडून राहिले. डोकं स्वच्छ होतं. हात बघितला, कोपरातून निघालेलं रक्त मनगटापर्यंतसुद्धा पोचलं नव्हतं, इतक्यात मी परत आले होते. साडी कोरडी. जीभ चावलेली नाही. हातपाय दुखत नाहीत.

मी फरशीवर पडल्या पडल्या शिव्या द्यायला लागले. मला फिट्स नव्हत्याच. मी चक्कर येऊन पडत होते, आणि पडले की परत येत होते. पण मला पडूच देत नव्हते. पडलेल्याच्या डोक्यात रक्त जायला तो आडवा पाहिजे, आणि माझे लोक मला केस धरून उभं करत होते. जितकं उभं करत तितकी मी आत जात होते, जितकी आत जात तितकं ते मारत होते.

लॅबवाला माणसं घेऊन आला. मी उठून बसून त्याला म्हणाले, आता इथेच खाली निजवून घे, देते रक्त. त्यानं ऐकलं नाही. माझ्या दुकानात मरायला आलीस का म्हणाला, माझी पिशवी जिन्यावरून खाली भिरकावली, आणि दंडाला धरून मला पायऱ्यांपर्यंत आणलं. मी त्याच्या हातावर नखं मारली आणि उतरले. रक्त मिळालं नव्हतं. पण परतीच्या बसमध्ये पहिल्यांदा मला वाटलं की मी जगेन.

तुम्ही असे पडणारे असाल तर ऐका. सुईच्या आधी विचारून घ्या कोणती तपासणी आहे. खाल्लेलं चालत असेल तर खाऊन जा, आणि उपास सांगितला असेल तरी पाणी चालतं का ते विचारा. आधी सांगा, मी पडते. लाजू नका, लाजून माझा दात गेला. खुर्चीत बसू नका, आडवे पडा, पाय उंच ठेवायला सांगा. आणि घरच्यांना सांगा, हात लावू नका.

आईचं म्हणणं

बसमधून उतरून मी सरळ डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, असं असेल तर माझं चुकलं, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी गोळ्या थांबवणार नाही. उद्या इथेच घेऊ, माझ्यासमोर. तपासायचं टेबल अरुंद आहे, तिथून लाथा मारत पडलीस तर डोकं फुटेल, म्हणून खाली फरशीवर निज. पाय कोणी तरी वर धरायला पाहिजे. आणि घरचं माणूस हवं, अंगात रक्त फार कमी निघालं तर घरी सोडणार नाही.

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, नाही.

मी समजावलं. मग ओरडले. मग भाजीची टोपली लाथेनं उडवली. मी म्हटलं, तुला तुझी रीत जास्त की मी जास्त. तेव्हा ती बोलली. हळू बोलली, आणि आमची आई हळू बोलत नाही.

‘अप्पांना मी ठेवलं,’ ती म्हणाली. ‘तू शेजारी होतीस, तुला पाठवलं होतं. श्वास चालू होता गे. काका म्हणाले वेळ झाली, खाली घ्या. अण्णानं खांदे धरले, मी पाय धरले. खाली ठेवलं आणि त्यांनी माझं मनगट धरलं. असं घट्ट. मरणारा माणूस असं धरतो का? मला उचला म्हणत होते. मी उचललं नाही. सगळे उभे होते, मी कशी उचलणार. मग गेले. आम्ही ठेवलं म्हणून गेले.’

मला हे माहीत नव्हतं. तिच्याजवळ बसायला पाहिजे होतं, पण माझा स्वभाव तो. मी म्हटलं, ‘अप्पांना निजवून मारलंस, आता मला बसवून मार.’

तिनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती उठली, भाजी गोळा केली आणि आत गेली. मी त्या संध्याकाळी बूथ उघडला नाही. काचेच्या पेटीत बसून हुंदके देत रडले.

सकाळी मी एकटीच निघाले होते, तर ती ओट्यावर उभी. नेसून तयार, हातात डबा. डब्यात दहीभात होता. म्हणाली, खा आधी. मी ओट्यावर बसून खाल्लं. तिनं स्वतः पाण्याचा लोटा भरून माझ्या हातात दिला. अण्णाला काही सांगू नको म्हणाली, त्याला सोसायचं नाही.

फरशीवर

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात मागच्या खोलीत त्यांनी जागा केली. नर्स चटई आणायला गेली, पण मला धीर नव्हता, मी तशीच उघड्या फरशीवर पडले. उताणी, पाय लांब. आईनं भिंतीकडे तोंड केलं. मग वळली, माझ्या पायांशी बसली आणि माझे दोन्ही पाय उचलून खांद्यावर घेतले.

नर्सनं नळी आवळली. टोचलं. कानात लोंढा आला.

पुढचं मला डॉक्टरबाईंनी सांगितलं. अण्णा आमच्या मागोमाग मोपेडवर आला होता. आईला आणि मला डबा घेऊन जाताना त्यानं बघितलं होतं. तो दार ढकलून आत आला, आणि त्यानं बघितलं ते हे: बहीण उघड्या फरशीवर उताणी, डोळे अर्धवट उघडे, तोंड पांढरं, आणि पायांशी आई बसलेली. त्यानं आयुष्यात हे एकदा बघितलं होतं. तो किंचाळला आणि माझे खांदे धरून मला उचलायला लागला. नर्सच्या हातातली सुई सुटायच्या बेतात होती. डॉक्टरबाईंनी त्याला मागे ओढलं, त्यानं त्यांना ढकललं तर त्या औषधाच्या कपाटावर गेल्या. बाटल्या फुटल्या.

आईनं एका हातानं माझे पाय खांद्याशी धरून ठेवले आणि दुसऱ्या हातानं अण्णाची गचांडी धरली. साठीतली बाई. तिनं त्याला मारलं, तोंडावर, मिळेल तिथे. तो मला सोडेना तर त्याच्या हाताला चावली. त्यानं हात झटकला, त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि ओठ फाटला. तिनं माझे पाय सोडले नाहीत. नर्स म्हणत होती झालं, झालं, अजून थोडं. आई त्याच्या अंगावर ओरडत होती, ‘पडू दे तिला! हात लावशील तर हात तोडीन!’

तो थांबला. त्या थांबण्यातच मी डोळे उघडले.

वर छत होतं. पायांकडे आई. तिची हनुवटी, गळा, साडीचा काठ, सगळं लाल. माझ्या पांढऱ्या पावलांवर ठिपके पडले होते. झटके नव्हते, साडी कोरडी होती. माझं तोंड कोरडं पडलं होतं, तरी मी विचारलं, रक्त कोणाचं, काय झालं.

‘हे माझं,’ आई म्हणाली. ‘तुझं त्यांच्या नळीत आहे.’

नर्सनं हात वर करून नळ्या दाखवल्या. भरलेल्या होत्या. डॉक्टरबाई कपाटाशी केस सावरत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, फिट नाही, मी बघितलं, गोळ्या बंद, आणि आजच ॲडमिट हो.

अण्णा काचांमध्ये गुडघ्यांवर बसला होता. त्याच्या भुवईवरचा माझा व्रण लाल झाला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, आईच्या खांद्यावरच्या माझ्या पायांकडे बघत होता, आणि अप्पा, अप्पा म्हणत होता. आईनं फाटलेल्या ओठानं त्याला हाक मारली.

‘अण्णा, इकडे बघ रे. ठेवलेली उठली.’

मी अजून उठले नव्हते. तिनं उठूच दिलं नाही. नर्स म्हणाली आता पाय खाली घ्या, तरी ती घेईना, माझे पाय खांद्यावर घेऊन तशीच बसून राहिली, आणि अण्णा गुडघ्यांवर सरकत येऊन माझ्या डोक्याशी बसला.